दिवाळी देऊन येळवस घेणारा

त्याला काहीही सांगा, तो ते आधी परत म्हणून दाखवायचा.

"कॅप्टन, जाता जाता एवढी पिशवी आमच्या घरी टाक," म्हटलं की तो म्हणायचा, "पिशवी, तुमच्या घरी, जाता जाता." आणि मगच पिशवीला हात लावायचा. हॉटेलवाल्यानं "आणतो चहा, साखर कमी," असं ओरडून सांगितलं की हा मान हलवून तेवढ्याच गंभीरपणे म्हणणार, "चहा, साखर कमी." कमलनगरच्या बाजारात काही दिवस अशी बातमी होती की विमानाच्या आवाजानं पोराचे कान गेले. त्याच्या मामानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, उदगीरला कानाचा चांगला डॉक्टर कोण आहे.

मी सरळ त्यालाच विचारलं. तो हसला. "अण्णा, वर हवेत असंच असतंय. खालच्या माणसानं सांगितलेलं आपण परत म्हणून दाखवलं नाही, तर ते ऐकलंच नाही असं धरतात. आता सवय लागली. बायकोनं भाजी सांगितली तरी तोंडातून निघतंय."

"मग ती काय म्हणते?"

"म्हणते, एवढं घोकून शेवटी मेथीच आणायलास."

माझं कमलनगरात, म्हणजे सीमेलगतच्या कर्नाटकातल्या मराठी गावात, बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पेरणीचे दिवस सोडले तर या धंद्यात वाचायला भरपूर वेळ मिळतो, आणि आमच्या बाजारात वाचणारा माणूस थोडा संशयास्पद समजला जातो. त्यामुळे विमान चालवणारा आणि पुस्तक वाचणारा अशी आमची दोन संशयितांची जोडी जमली. तो हैदराबादला राहायचा, आपल्याच देशातल्या एका कंपनीत होता, आणि रजा मिळाली की गावी यायचा. त्याच्या खेड्याला कमलनगरहून जीपनं जावं लागतं. पण जीप भरायला वेळ लागतो. तोवर तो माझ्या दुकानात सरकीच्या पेंडीच्या पोत्यावर बसायचा. वाचून झालेलं पुस्तक माझ्यासाठी आणायचा. आत खूण म्हणून कुठल्यातरी विमानतळाची चिठ्ठी असायची. मला त्याच्या विमानांत रस नव्हता, त्याला माझ्या खतांत नव्हता. मैत्री टिकायला आणखी काय लागतं?

वैमानिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते आमच्या लोकांच्याही डोळ्यांपुढे होतं. तो मात्र रबरी चपला घालून यायचा. लोकांची फार निराशा व्हायची. एका स्वातंत्र्यदिनाला गावच्या शाळेनं त्याला पूर्ण गणवेशात बोलावलं. तो आला, पण टोपी नव्हती. "आता कुणी घालत नाही," तो म्हणाला. हेडमास्तरांना हे पटेना. टोपीशिवाय कॅप्टन म्हणजे दांडीशिवाय झेंडा. शेवटी लग्नातल्या बँडवाल्याची टोपी मागवली. तिच्यावर सोनेरी झालर इतकी होती की कॅप्टनच्या खांद्यावरचे पट्टे गरीब दिसायला लागले. त्यानं ती मुकाट्यानं घातली, झेंड्याला सलाम केला, आणि नंतर बँडवाल्याच्या घरी जाऊन स्वतःच्या हातानं परत दिली. मला तो आवडायला लागला तो त्या दिवसापासून.

आणि त्याचे वडील, अप्पा. बारीक, ताठ, डोक्याला पांढरा टॉवेल. बिदरहून शिकाऊ वैमानिकांची विमानं उठतात, ती कधीकधी आमच्या आभाळात घरघरत फिरतात. गावातली बाकी माणसं वर बघतात. अप्पा बघत नसत. मुलाच्या कामाबद्दल कुणी फार कौतुक केलं तर ते म्हणायचे, "डायवरच की. मानसं बसवायची, उतरवायची. त्यात काय?" कॅप्टन हे मला मोठ्या अभिमानानं सांगायचा. त्याच्या कामाची इतकी अचूक व्याख्या कंपनीनंही केली नव्हती म्हणे.

येळवस तुम्हाला माहीत असेल तर पुढचं समजेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या या पट्ट्यातली गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी म्हणजे भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. रस्त्यानं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आणि घरातल्या कर्त्या मुलानं आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची, मोठ्यानं हाकारा देत. या दिवशी कमलनगरच्या बाजारात तुम्हाला सुतळीचा तोडासुद्धा मिळणार नाही.

कॅप्टनला हा सण कधी चुकला नाही. त्याच्या नोकरीत सणाची रजा म्हणजे मारामारी. पण येळवस कुणालाच नको असायची, दिवाळी सगळ्यांना हवी असायची. हा आपली दिवाळी दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि बदल्यात ही अमावास्या घ्यायचा. सोबतचे त्याला वेडा म्हणायचे. "त्यांना वाटतंय फसवलं मला," तो म्हणायचा, "आणि मला वाटतंय मीच फसवायलोय त्यांना."

मग परदेशातला करार आला.

त्याच्या कंपनीची बरीच विमानं इंजिनं नसल्यामुळे जमिनीवर उभी होती, पगार पुढंमागं व्हायला लागला होता. पश्चिमेकडच्या एका वाळवंटी देशातली विमान कंपनी मोठ्या विमानांसाठी कॅप्टन शोधत होती. हा तिकडं जाऊन सिम्युलेटरमध्ये परीक्षा देऊन आला आणि पास झाला. घर त्यांचं, मुलीची शाळा त्यांची. पगाराचा आकडा लिहीत नाही. त्यानं तो दुकानात सांगितला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं उचललेली युरियाची गोणी पुन्हा खाली ठेवली. पण रजा कुणाला, केव्हा द्यायची, ते तिथला संगणक ठरवणार. अदलाबदल नाही.

दुसरीकडे कलबुर्गी. तिथल्या विमानतळावर विमान शिकवणारी एक संस्था निघत होती, त्यांना मुख्य शिक्षक हवा होता. पगार असा की ऐकून कुणी गोणी खाली ठेवली नसती. छोटी, दोन माणसांची विमानं. पण सकाळी निघालं तर दुपारी शेतात.

"बायको काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणती, दोन्हीकडं भांडी मलाच घासायचीत, तू ठरव."

"आणि तू?"

तो पेंडीच्या पोत्यावरची सुतळी ओढायला लागला. "अण्णा, विमानतळावर गर्दी असली की आम्हाला खालून सांगतात, थांबा, तिथंच फिरत राहा. तसं फिरायलोय मी सध्या. खालून कुणीतरी उतर म्हणालं पायजे."

"कुणीतरी म्हणजे अप्पा."

"एकदा राहा म्हणू द्या. एकदाच. त्याच दिवशी त्या कंपनीला नाही म्हणून कळवतो."

"मग विचार की त्यांना."

"विचारलं तर ते जा म्हणतील. त्यांच्या मनानं म्हणायला पायजे."

शिकलेल्या माणसाची ही एक पंचाईत असते. त्याला उत्तर हवं असतं, पण प्रश्न न विचारता.

महिनाभर तो येत-जात राहिला आणि अप्पा हरभऱ्याबद्दल बोलत राहिले. हा गावी असला की रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसायचे. करडईवर मावा पडलाय, अप्पा म्हणायचे. करडईवर मावा, हा म्हणायचा. परत म्हणून दाखवायला एवढंच मिळत होतं.

आणि मग त्याच्या मामानं घोळ घातला. मामा तालुक्याच्या राजकारणातला माणूस. कधीकाळी निवडून आला होता आणि तेव्हापासून माजी म्हणून जगत होता. भाचा परीक्षेत पास झाला एवढं त्याच्या कानावर आलं. आता निवड झालेला माणूस जात नाही ही शक्यता आमच्याकडे कुणाच्याही कल्पनेत बसत नाही. तलाठ्याच्या परीक्षेत निवड झाली आणि गेला नाही, असा मनुष्य या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. मामानं कुणाला विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

येळवशीच्या आदल्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. वर कन्नड, खाली मराठी. परदेशी विमान कंपनीत कॅप्टनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. सगळ्यात मोठा फोटो पुढाऱ्यांचा, त्याखालोखाल मामाचा, आणि कोपऱ्यात कॅप्टन, कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. मागं चार इंजिनांचं विमान, जे त्यानं आयुष्यात चालवलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बघितला अण्णा. मला पण त्यावरूनच कळलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेतात होतो. दरवर्षी असायचो. कॅप्टननं अनवाणी पायांनी आंबिलीचा तांब्या घेऊन फेरी घातली. हाकारा देताना त्याचा आवाज त्याच्या आजोबासारखा होतो, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. फेरी संपवून तो कोपीपाशी येतोय तोच बांधावर तीन गाड्या थांबल्या. येळवशीला पुढारी शेताशेतांतून एकेक घास खात फिरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आमच्या पुढाऱ्यांच्या गाडीत शालीही होत्या, आणि मामाच्या हातात माईक.

उभ्या हरभऱ्यात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. मामानं भाषण केलं. आपल्या मातीचा सुपुत्र आता सातासमुद्रापार झेप घेणार, वगैरे. मग माईक कॅप्टनच्या हातात आला.

त्यानं तो तोंडाजवळ धरला आणि त्याच्या तोंडून नेहमीच्या शांत आवाजात निघालं, "नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय." सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "एक सांगायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. काहीच ठरलेलं नाही."

त्याची नजर अप्पांकडे होती. मी पाहिलं, म्हणून सांगतो.

"बगा!" मामा ओरडला. "बगा ह्येला म्हणतात विनय! एवढं मोठं झालं, पर गर्व न्हाई लेकराला!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आजवर एवढं खरं भाषण त्या माईकवर कुणी केलं नसेल, आणि एवढ्या टाळ्या खोट्यालाही पडल्या नसतील.

पुढारी अप्पांकडे वळले. "अप्पा, लई अभिमान वाटत असंल आज?"

"भज्जी थंड व्हायलीय," अप्पा म्हणाले. "जेवा."

गाड्या गेल्यावर अप्पा हात धुवायला विहिरीकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही, पण कुणीतरी खुपसायला हवं होतं.

"अप्पा, पोरगं तुमच्या एका शब्दासाठी थांबलंय. राहा म्हणा, राहतो तो."

अप्पा विहिरीच्या कठड्यावर बसले. टॉवेलनं हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी.

"ठावं हाय की मला. म्हनूनच तर म्हनंना झालोय."

"कामून पण?"

"शेट, माज्या बानं मला म्हनलं व्हतं. सिकंदराबादला रेल्वेत लागलो व्हतो मी. इंजिनाच्या कारखान्यात. पेटी भरून तयार. बा हितंच बसला व्हता, ह्याच हिरीवर. लई बोलनारा मानूस न्हवता. एकच शब्द बोलला. इरू."

इरू म्हणजे राहा. आमच्याकडे अशी बरीच घरं आहेत, जिथं व्यवहार मराठीत चालतो आणि जीव तुटतो तो कन्नडमध्ये.

"राहिलो मी," अप्पा म्हणाले. "वाईट न्हाई झालं काई. जमीन राखली, पोरगं शिकलं. समदं त्या शब्दाचंच हाय. पर शेट, आज बी रेल्वेची शिट्टी ऐकू आली की हातातलं खुरपं थांबतंय. शिट्टी गेली की मंग चालतंय. बा तर कवाच गेला. आता कुनाला भांडू?"

मी म्हणालो, "हे त्याला सांगू का?"

"न्हाई. सांगितलं तर त्यो बी शब्दच झाला की."

एवढं बोलून ते उठले आणि कोपीकडे जाऊन उरलेले उंडे शेजाऱ्यांना वाटायला लागले.

कॅप्टन माघ लागायच्या आत गेला. जायच्या दिवशी दुकानात आला, पण पोत्यावर बसला नाही. बाहेर गाडी उभी होती. त्यानं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी विहिरीवर अप्पा काही म्हणाले का?"

मी काय सांगणार होतो? म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडाला घातलेली कडी मी कशी काढू?

"म्हणाले, भज्जी चांगली झाली होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "भज्जी चांगली झाली होती," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

त्याला पहिली रजा मिळाली ती श्रावणात. संगणकाला मार्गशीर्ष कळत नाही, त्यात त्याचा दोष नाही. हा आला तेव्हा शेतात गुडघाभर सोयाबीन आणि घोट्यापर्यंत चिखल होता. तरी संध्याकाळी एकटाच बांधाबांधानं फेरी घालून आला म्हणे, रिकाम्या हातानं. हाकारा दिला नाही. अप्पा दारात उभे होते. "पाय धू," एवढंच ते म्हणाले. माझ्यासाठी त्यानं दोन पुस्तकं आणली होती. कसा आहेस म्हटल्यावर म्हणाला, "विमान मोठं आहे अण्णा. खालचं काहीच दिसत नाही." मग दोन दिवस आधीच परत बोलावलं म्हणून गेला. करार अजून बराच उरलाय. तो संपेपर्यंत कलबुर्गीची ती जागा कुणी राखून ठेवणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.

अप्पा बाजारच्या दिवशी कमलनगरला येतात. आधी ते बाजार करून लगेच जीप धरायचे. आता माझ्या दुकानात येऊन बसतात. कोपऱ्यातलं पोतं रिकामं असलं तरी त्यावर बसत नाहीत, खाली बसतात, भिंतीला टेकून. फडक्यात बांधलेली भाकरी मांडीवर असते. बारा वाजून जातात, एक वाजतो, आजूबाजूचे दुकानदार जेवून आडवे होतात, पण अप्पांची गाठ सुटत नाही. पहिल्यांदा मला वाटलं भूक नसेल.

मग एकदा त्यांनी विचारलं, "शेट, तिकडचं घड्याळ आपल्या मागं चालतंय म्हनं?"

"हो, मागं आहे."

"मंग अजून जेवला नसंल त्यो."

मी त्यांना हे सांगितलं नाही की वैमानिकाला ‘तिकडं’ असं काही नसतं. या घटकेला तो कुठल्या समुद्रावर असेल, तिथं सकाळ असेल की रात्र, की तो कुठल्या हॉटेलात पडदे ओढून झोपला असेल, हे त्याचं त्यालाही चौकशी केल्याशिवाय सांगता येणार नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो, मनात काहीतरी हिशेब केल्यासारखं करतो.

"आता बसला असेल बघा जेवायला," मी म्हणतो.

अप्पा मान हलवतात आणि गाठ सोडतात.